चेफालूच्या घरी, दुसऱ्याच्या ओळखीवर

तो निरोप आला तेव्हा मी क्रांती चौकातल्या एका चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. जुना चष्मा दुकानदाराच्या हातात आणि नवा अजून तयार नाही, त्यामुळे फोनवरची इटालियन अक्षरं मला नीट लागेनात. फोन डोळ्यांपासून लांब धरून दोनदा वाचलं, तरी वाटलं की आपलंच काहीतरी चुकतंय.

निरोप एका बाईचा होता. तिनं लिहिलं होतं, ‘मी सिसिलीमधल्या चेफालू गावाहून लिहिते आहे. माझ्या आईच्या खणात तुमचं कार्ड सापडलं. आईला आताशा फारसं काही आठवत नाही, पण लेण्यांतल्या माणसाची चौकशी ती रोज करते. त्यानं आमचा समुद्र बघायला यायचं कबूल केलं होतं, असं म्हणते. तुम्ही येणार का?’

तीस वर्षांहून जास्त काळ मी इटलीहून आलेल्या लोकांना अजिंठा आणि वेरूळ दाखवतोय. माझा धंदाच तो. एवढ्या वर्षांत किती जणांनी मला त्यांच्या गावी बोलावलं असेल! ते ‘या’ म्हणायचे, मी ‘येतो’ म्हणायचो, आणि बस सुटायची. त्यात चेफालूची बाई कोण, ते काही केल्या आठवेना. मग रात्री जेवताना एकदम डोळ्यांसमोर फिकट निळ्या टोपीतली एक बाई आली. निजलेल्या बुद्धाच्या पायाशी बसून राहिलेली, हलायलाच तयार नसलेली. तीच असणार, असं मी ठरवून टाकलं. आठवलं की ठरवलं, हे तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं.

बायकोला निरोप वाचून दाखवला.

“म्हातारं माणूस बोलवतंय,” ती म्हणाली. “जाऊ ना आपण. तुम्ही सगळ्या जगाला आपलं गाव दाखवलं, मग त्यांचं गाव कोण बघायचं? आणि मला बी समुद्र बघायचाय की. गणपतीपुळ्याला नेतो म्हणून किती वर्षं झाली?”

त्या वादात मला पडायचं नव्हतं. मी ‘येतो’ असं कळवलं.

व्हिसाच्या वेळी पहिला घोळ झाला. माझ्या कार्डावर औरंगाबाद, पासपोर्टात जन्मगाव औरंगाबाद, आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर. निमंत्रणपत्रासाठी हे कागद चेफालूला पाठवले, तर म्हातारीच्या त्या मुलीनं (मुलगी म्हणतो, पण ती जवळजवळ माझ्याच वयाची) फोन करून विचारलं, “तुम्ही दुसऱ्या गावाला राहायला गेलात का?” मी म्हटलं, नाही, आम्ही तिथंच आहोत, गावाचं नाव बदललं. ती म्हणाली, “आईला हे सांगू नका. तिचा गोंधळ होईल.”

सप्टेंबरात आम्ही निघालो. बायकोनं भेट म्हणून हिमरू शाल घेतली आणि वाटेत लागेल म्हणून शेंगदाण्याची चटणी. पालेर्मोहून आगगाडीनं तासभर समुद्राच्या कडेकडेनं गेलो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रुळांच्या कडेला फड्या निवडुंग, लाल बोंडांनी लगडलेला. बायको खिडकीला नाक लावून म्हणाली, “अहो, हे तर आपल्या बांधावरचं! एवढ्या लांब येऊन हेच बघायचं व्हतं व्हय?”

चेफालूच्या मागं एक भला मोठा कातळ उभा आहे, अगदी दौलताबादच्या डोंगरासारखा सरळ तासलेला, आणि त्याच्या पायाशी गाव समुद्रात पाय सोडून बसल्यासारखं. गल्ल्या अरुंद, दगडी, वरच्या दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. स्टेशनवर ती मुलगी घ्यायला आली होती. केस पांढरे, चालणं भराभर. घराच्या वरच्या दोन खोल्या ती पर्यटकांना द्यायची, त्यातली एक तिनं आमच्यासाठी राखून ठेवली होती.

म्हातारी गच्चीत वेताच्या खुर्चीत बसली होती. छोटीशी, काळ्या झग्यातली, डोळे मात्र लखलखीत. मी वाकून नमस्कार केला. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजवीकडे वळवला, डावीकडे वळवला आणि म्हणाली, “किती बुटका झालास रे!”

मुलगी ओशाळली. “म्हातारपणी सगळेच थोडे आखडतात, आई.”

“एवढे नाही,” म्हातारी म्हणाली. पण हात सोडले नाहीत.

मी मूळचाच बुटका आहे. पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजारी माणूस आहे, बोलायचंच, असं धरून चाललो.

पुढचे दोन दिवस मी स्वतःच स्वतःला सापडत नव्हतो. माझं इटालियन उत्तम आहे असा माझा समज होता. बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ, वाकाटकांचा काळ, रंगांसाठी कोणता दगड कुटला, हे सगळं मी न अडखळता सांगतो. पण न्हाणीघरात बादली नव्हती, आणि बादलीला काय म्हणतात ते मला येईना. तीस वर्षांत एकाही पाहुण्याशी बादलीवर बोलायची वेळ आली नव्हती. पहिल्या सकाळी बेकरीत पाव मागायला गेलो आणि तोंडातून निघालं, “आता कृपया आपल्या डावीकडे पाहा.” दुकानदारीण खरोखरच डावीकडे पाहू लागली. बायको मागं उभी राहून हसत होती. तिला शब्द कळले नव्हते, पण झालेली फजिती कळली होती.

त्यात म्हातारी मध्येच तिथल्या गावठी बोलीत शिरायची. उत्तरेकडच्या पाहुण्यांकडून शिकलेलं माझं इटालियन तिथं लंगडं पडायचं. दोन शब्द कळायचे, दहा निसटायचे. मी मान हलवत राहायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती असंच भरभर काहीतरी बोलली, समुद्राकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मुलगी रागावून म्हणाली, “आई, पुरे.” मी कोरा. माझी बायको मात्र हातातला निवडुंगाचा गर बाजूला ठेवून (ती बोंडं मुलीनं काटे काढून, सोलून दिली होती आणि बायकोला ती पटलीही होती) म्हणाली, “मरायचं बोलतीये ती.”

“तुला कसं कळलं?”

“ताबूत म्हणली ना! ऐकलं नाय का तुम्ही?”

बायकोचं माहेर खुलताबादजवळचं, तिथं हा शब्द लहान मुलालाही कळतो. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, खरंय, इथले म्हातारे लोक शवपेटीला ‘ताब्बुतू’ म्हणतात, अरबांच्या वेळचा शब्द आहे. आईचं म्हणणं होतं, मला ताबूतात घालाल तेव्हा पेटी ह्या गच्चीवरून एकदा समुद्राला दाखवा. इटालियनचा सरकारी परवाना माझ्याकडे, आणि म्हातारीचं बोलणं पहिल्यांदा कळलं ते माझ्या बायकोला. त्यानंतर म्हातारी तिच्याशीच बोलू लागली. दोघी शेजारी बसायच्या. ही मराठीत, ती तिच्या बोलीत. माझ्याकडे कोणी अर्थ विचारत नव्हतं.

गाव पाहिलं ते असंच गडबडून. पुळणीवर ओळीनं छत्र्या, त्याखाली उघडी माणसं तेल चोळून पडलेली. त्यात माझी बायको साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी. लाट आली की “आई गं!” म्हणून ओरडायची आणि पुन्हा पुढं जायची. मी चपला हातात घेऊन काठावर. कुठं बघावं ते कळेना, म्हणून कातळाकडे बघत राहिलो. मोठ्या देवळात गेलो, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात. आत वरच्या गोलाईत सोन्याच्या बारीक तुकड्यांनी घडवलेला येशू आहे, प्रचंड, हातात उघडं पुस्तक. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की इथं उभे राहा, उजेड ह्या बाजूनं घ्या, आधी डोळे बघा. आता मला कोणी काहीच सांगत नव्हतं. आधी काय बघायचं ते कळेना. मी खांबाआडून पाहिलं, मधून पाहिलं, बाकावर बसून पाहिलं. शेवटी उठलो तेव्हा मान दुखत होती आणि मनात काय आलं होतं ते सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं पत्र्याचा डबा मागवला. बिस्किटांचा जुना डबा, आत फोटो. ती एकेक काढून टेबलावर मांडत होती. लग्नाचा, कुठल्याशा जत्रेचा, नवऱ्याचा होडीतला. मग एक रंग उडालेला फोटो तिनं माझ्यासमोर सरकवला. “हा बघ तू.”

वेरूळचं कैलास लेणं. पुढं ती, तिचा नवरा, आणि दोघांच्या मधे एक उंच माणूस, दाट मिशा, पांढरा सदरा, हसरा.

तो मी नव्हतो. ते भाई होते.

भाई म्हणजे खुलताबादचे माझ्याहून थोरले गाईड. मला हा धंदा त्यांनी शिकवला. लेण्यात आरसा आणि पांढरी चादर धरून ऊन भिंतीवर कसं टाकायचं, इथपासून इटालियनच्या पहिल्या शंभर शब्दांपर्यंत. मोठा गट आला की आम्ही वाटून घ्यायचो. त्यांच्याजवळ स्वतःचं कार्ड कधीच नसायचं. माझ्या खिशातून मूठभर काढून घ्यायचे आणि लोकांना वाटायचे. म्हणायचे, आपण काय वेगळे आहोत काय?

बायकोनं माझ्या खांद्यावरून फोटो पाहिला आणि पटकन म्हणाली, “अगं बाई! हे तर भाई!”

“हळू बोल.”

“मराठी कोणाला कळतंय इथं? अहो, सांगून टाका. आपण दुसऱ्याच्या पानावर जेवतोय तीन दिवस झाले.”

“काय सांगू? तो मी नव्हे म्हणून?”

म्हातारी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आज मला खरंच ठाऊक नाही. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ इटालियनमध्ये विचारलं, “तुझी मुलगी चालायला लागली का?”

मला दोन मुलगे. पण भाईंची थोरली पोर लहानपणी पायानं अधू होती. सहा वर्षांची झाली तरी भिंत धरून सरकायची. तेव्हा भाई कामावर असायचे, पण त्यांचं चित्त घरी असायचं. मग पुण्याला शस्त्रक्रिया झाली, पायाला पट्टे आले, पुढं पट्टेही गेले. आता ती खुलताबादला शाळेत शिकवते. मला चाचा म्हणते. माझ्या धाकट्याच्या लग्नात सगळ्यांच्या आधी येऊन शेवटी गेली.

“सांग ना,” म्हातारी म्हणाली. “मी तिच्यासाठी मेणबत्ती लावत होते. किती वर्षं लावली. मग विसरले.”

मी म्हणालो, “चालते. जरा एका पायावर भार देऊन चालते, पण चालते. शाळेत शिकवते.”

तिनं डोळे मिटले. हात सोडला. थोड्या वेळानं बोलीत काहीतरी पुटपुटली आणि खुर्चीतच डुलकी लागली. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उठून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, “बरं केलं का वाईट, तुमचं तुम्ही बघा.”

मला ते बघता येईना. सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. फक्त सांगणारा खोटा होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आम्हाला जुन्या धोबीघाटाकडे घेऊन गेली. गल्लीतून पायऱ्या उतरून खाली जायचं. दगडात कोरलेली टाकी, आणि डोंगरातून आलेलं गार पाणी त्यांतून वाहत समुद्राकडे जातं. पूर्वी गावातल्या बायका तिथं कपडे धुवायच्या, तिची आईसुद्धा. बायको लगेच काठावर बसून पाण्यात पाय सोडून मोकळी झाली. मी मुलीला बाजूला घेतलं.

“फोटोतला माणूस मी नाही,” मी म्हणालो. “कार्ड माझं आहे. तो माझा मोठा सहकारी आहे. मुलगी त्याची. मला कालपर्यंत माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली की काय, मला कळेना.

“तुम्ही आलात त्याच दिवशी मला शंका आली होती,” ती म्हणाली. “आईनं तो फोटो मला शंभरदा दाखवलाय. माणूस म्हातारा होतो, पण हातभर कमी होत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला?” तिनं पाण्यात हात बुडवून तोंडावरून फिरवला. “महिनाभर ती मला मावशीच्या नावानं हाक मारते. मी ओ देते. आधी दुरुस्त करायचे, तर रडायची.” मग विचारलं, “ती मुलगी खरंच चालते ना? की आईला बरं वाटावं म्हणून?”

“खरंच चालते.”

“मग झालं तर. राहा तुम्ही. ठरल्याप्रमाणे रविवारी जा.”

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. पण तसं झालं नाही. उरलेले दिवस मी त्या गच्चीत भाई होऊन बसलो. म्हातारी विचारायची, मी उत्तरं द्यायचो. बायको कशी आहे? बरी आहे. (भाईंची बायको आठ वर्षांपूर्वी गेली.) ही कोण मग, असं तिनं माझ्या बायकोकडे बोट करून विचारलं. मुलीनं सावरून घेतलं, “त्याची बहीण आहे, आई.” हे मी बायकोला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, “अस्सं? मग भाऊबीज काढून ठेवा.”

निघताना म्हातारी माझ्याकडे बघून परक्यासारखी हसली. बायकोला मात्र तिनं मिठी मारली. हिमरू शाल तिनं खांद्यावर घेतली होती, एवढ्या उन्हात.

गावी आल्यावर दोन दिवसांनी मी खुलताबादला गेलो. भाई आता पंचाहत्तरीला आलेत, ऐकायला कमी येतं, लेकीच्या घरी अंगणात बाजेवर बसून असतात. मी फोनवर त्या फोटोचा फोटो काढून आणला होता. तो मोठा करून त्यांच्या हातात दिला.

“हौ, ये तो मैंच हूँ,” ते खूश होऊन म्हणाले. “मिशा बघ काय होत्या! पन ये बाई कौन?”

मी सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीनं ऐकलं. चेफालू, डबा, ताबूत, मेणबत्ती. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण चेहऱ्यावर ओळख काही उमटेना.

“तुम्ही तिला पोरीच्या पायाचं सांगितलं होतं, भाई. आठवत नाही?”

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. “उस टाइम सबको बोलता था मैं,” ते म्हणाले. “जो आया उसको. कुणाच्या तरी दुआ लागतील म्हणून. किती लोकांना सांगितलं, आता कुठं आठवणार?”

मला वाटलं होतं, ऐकून ते रडतील, नाहीतर मला शिव्या तरी देतील. त्यांच्या नावावर मी आठवडाभर पाहुणचार घेतला होता. त्यांनी फक्त विचारलं, “जेवायला काय होतं तिथं?”

तेवढ्यात त्यांची लेक शाळेतून आली. पायातल्या चपला काढताना तिनं सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “चाचा, त्यांना माझा फोटो पाठवा. असा बसलेला नको. उभी राहते मी.”

ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पर्स खांद्यालाच. मी फोटो काढला आणि तिथूनच चेफालूला पाठवला. खाली लिहिलं, ‘हीच ती मुलगी.’

उत्तर यायला दोन दिवस लागले. म्हातारीच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘आईला दाखवला. ती म्हणाली, ही मोठी बाई कोण? छोटी मुलगी कुठंय? मला सांगता आलं नाही. तुम्हीच सांगा, काय सांगू?’

मी ते भाईंच्या लेकीला फोनवर वाचून दाखवलं. संध्याकाळी तिनं मला एक जुना फोटो पाठवला, पेटीतून शोधून काढलेला. फ्रॉक घातलेली सहा वर्षांची पोर, दोन्ही हातांनी भिंत धरलेली. तो मी चेफालूला पाठवला आणि म्हातारीला तोच आवडला. तिची मुलगी म्हणते, तो आता तिच्या उशापाशी असतो आणि त्याच्यासमोर पुन्हा मेणबत्ती लावायला घेतलीय. पोर चालायला लागली हे ती साफ विसरलीय.

पंधरा दिवसांतून एकदा तिकडून विचारणा येते, आई विचारतेय, मुलीच्या पायाचं काय? मी भाईंच्या लेकीला कळवतो. ती कधी म्हणते, “सांगा, सुधारतंय म्हणून.” कधी म्हणते, “चालते म्हणून सांगून टाका हो, चाचा, एकदाचं.” जो दिवस असेल तसं मी लिहितो.